विलायती पंखा

आपली मोटार आपणच दुरुस्त करणारा माणूस जगात कुणाचाही मिंधा राहत नाही, असं वकील त्र्यंबकराव वर्ध्याच्या स्टँडवर, पवनारच्या बसच्या रांगेत उभे राहून सांगत होते. ऐकत होता कापसाच्या जिनिंगमधला फिटर कवडू. मागे उभ्या दिगंबर मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं आणि पान उलटायचं विसरले.

“साहेबाकडून मोटार घेतली तेव्हापासून तिच्यातला वाऱ्याचा पंखा बंद. फ्यूज पाहिला, चांगला. ब्याटरीवरून थेट तार दिली, तरी ढिम्म. म्हणजे पंख्याची मोटरच अडकलेली!”

“मंग?”

“खोलली. आत उंदरानं कापूस भरलेला. काढला, तेलाचा थेंब सोडला, भिरभिर फिरला! माझ्या हातून काही होत नाही म्हणणाऱ्या सासरेबुवांना म्हटलं, बसा, पवनारला गारेगार नेतो.”

“अन् वारा?”

“गरम.”

“गरम वारा तं वैशाखात बाहीरबी भेटते, वकीलसाहेब.”

“मला वाटलं, चालून चालून निवेल.”

“साहेब कोन्या मुलकातला?”

“विलायतेचा.”

“तिकडं बरफ पडते. थे शेगडी असन.”

“मोटारीत शेगडी कोण ठेवतो, कवडू?”

“मंग बंद काऊन नाई केली?”

“बटण तुटलेलं. तार मी थेटच जोडली होती.”

“सासरेबुवा काय म्हनले?”

“पवनारला उतरले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, पंखा चांगला चालतो.”

“अन् तिथंच रायले? आता त्याइले आनाले चालले?”

“समजूत घालायला. आणायला त्यांनी धाकट्या जावयाला बोलावलंय.”

“त्याच्यापाशी मोटार हाये?”

“सायकल.”