काजळी फासलेला हेला

दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, असं गोदावरीबाई वर्गात रोज बजावायच्या. पण अकोल्याच्या स्टँडवर पातूरच्या गाडीची वाट पाहताना मागच्या बाकावरचं शेतकरी जोडपं आपल्या हेल्याबद्दल, म्हणजे रेड्याबद्दल, बोलू लागलं, आणि बाईंच्या हातातलं विणकाम थांबलं.

"ढोराच्या डॉक्टर साहेबाले भुराच हेला पाहिजे होता. म्हने, पूर्नाकाठची भुरी जात अलग हाय, तिचं बीज जपाचं हाय."

"अन् तुमी आपल्या भुऱ्या हेल्याले तेल-काजळी फासून काळा कुट्ट करून ठेवला."

"सरकारी हेले काळेच रायतात. म्हनलं, आपला बी चांगला दिसला पाहिजे."

"साहेबानं जीपमधूनच पायलं अन् म्हनला, हा मिसळीचा हाय, बीजाच्या कामाचा नाही. तवा तुमी गप."

"लाज वाटली मले."

"अन् मंग रागारागानं त्याले खच्ची करून गाड्याले जुपला."

"आता साहेब पुन्हा विचारून राहिला. तसा हेला आसपास कोनापाशीच नाही."

"मले पाहाले आले होते, तवा मायनं माह्या तोंडाले पावडर थापली होती. तुमीच म्हनलं न, पोरीले तोंड धुऊन येऊ द्या?"

"हो."

"मंग साहेबाले काहून नाही म्हनलं, थांबा, याले धुऊन आनतो?"

"गाडी लागली वाटते."

गोदावरीबाईंनी मान वर करून पाहिलं. समोर एकही गाडी नव्हती.

"नाही लागली. सांगा न," त्या मागे वळून म्हणाल्या.