यादीत नसलेली पाणकोंबडी

(परळमधल्या बंद गिरणीचं आवार. मधल्या तळ्यावर सौर पॅनेल बसलेत. कंपनीच्या अधिकारी कालिंदी आणि म्हातारा पहारेकरी गणपत काठावर उभे आहेत.)

गणपत : एवढं लव्हाळं ठेवा, मॅडम. आत पाणकोंबडी अंड्यांवर बसलीय.

कालिंदी : काका, उद्या उद्घाटन आहे. पाणथळ जागेचं पुनरुज्जीवन बघायला पाहुणे येतायत. त्यांना हे रान दाखवू?

गणपत : रान काढलं की पाणथळ कसली? हौद झाला तो.

कालिंदी : आराखड्यात बगळे आहेत. पाणकोंबडी यादीतच नाही.

गणपत : तिला यादी कुणी दाखवली नसेल.

कालिंदी : थट्टा पुरे. बगळे कुठायत?

गणपत : तुमच्या माणसांनी काठ साफ केला, लपायला जागा नाही म्हणून मासे काठाला यायचे बंद झाले, बगळे उडाले.

कालिंदी : म्हणून तर फायबरचे चार मागवलेत.

गणपत : बघितले. एकावर कावळा बसलेला. तेवढीच वन्यजीवांची सोय झाली.

कालिंदी : काका, योजना वाईट नाही हो. मीच लिहिलीय. वर वीज, खाली सावली, गार पाणी...

गणपत : झकास आहे. पॅनेलखाली मासे जमतात, रोज बघतो मी. फक्त काठ सोडा.

कालिंदी : तुम्हाला एवढं कसं ठाऊक?

गणपत : इथल्याच साचेखात्यात, मागावर होतो. ब्याऐंशीला संपावर गेलो, गिरणी परत चालू झालीच नाही. मग इथंच पहाऱ्याला लागलो. बॉयलरचं तळं हे. भोंगा बंद झाला तशी पाखरं यायला लागली.

कालिंदी : अंडी कधी फुटतील?

गणपत : आठवडा तरी जाईल.

कालिंदी : साहेबांना चकाचक काठ हवाय. माझी नोकरी जाईल, काका.

गणपत : जाईलही. खोटा धीर देत नाही. माझी गेलेली आहे.

कालिंदी : (पर्समधून फोन काढून नंबर लावते.)

गणपत : कुणाला फोन लावताय?

कालिंदी : हॅलो, भिवा? गवताचा कटर परत ने. हो, मी सांगतेय. साहेबांनी विचारलं तर सांग, इथं 'संवेदनशील अधिवास निरीक्षण विभाग' आहे. हो रे, तेच रान!

गणपत : बाप रे. एवढं नाव?

कालिंदी : घरटं म्हटलं असतं तर कापलं असतं.

गणपत : खरंय. या, जरा वाका. पाठ काळी, तोंड पांढरं. दिसली?

कालिंदी : नाही... थांबा. अय्या, आपल्याकडेच बघतेय! अंडी किती आहेत?

गणपत : ती उठल्याशिवाय कसं कळणार? तीन दिवस शेजारी कटर चालतोय, उठली नाही.