लेण्यात घ्यायचं नाव

"गोदू, आता तू मना हाक मार. नाव घेऊन!"

"असं बोलले ते लेण्यात," गोदूबाई सुनेला सांगत होत्या. पनवेलच्या स्टँडवर त्यांच्या शेजारच्या बाकावर अरुंधतीताई नावाच्या एक अनोळखी बाई लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांचं सोमवारचं मौन होतं. हातात माळ, कान मात्र उघडे.

"कार्ल्याच्या लेण्यात?"

"हां. नवीन लगीन. एकविरेची ओटी भरली न् बाजूच्या लेण्यात शिरलो. वरती छताला लाकडाच्या फासल्या, जशी होडी कोनी उलटी घातलेली. यांनी हाक मारली, तं माजं नाव खांबाखांबातून फिरत रायलं. मंग बोलले, आता तू."

"आणि तुम्ही?"

"नवऱ्याचं नाव घेतात काय गो? पुढच्या खेपेला घेईन, मी बोलले. चाळीस वरसं तेच बोलले."

"उखाण्यात घेतलंच असेल की!"

"तो चार बायांसाठी. ही हाक त्यांची."

अरुंधतीताईंची माळ थांबली.

"पण आई, बाबा अंथरुणावर, वाचा गेलेली. तुमचे गुडघे असे, आणि एवढ्या पायऱ्या!"

"वाचा गेली, कान हायेत. सकाली त्यांना बोलले, आज जाते. डोल्यातून पानी आलं."

"मग तिथून फोन लावा. मी त्यांच्या कानाशी धरते. नाहीतर मीच येऊ सोबत?"

"फोन लावीन, पन सोबत नको. तुज्यासमोर मी लाजन."

गाडी लागली. गोदूबाईंनी ओटीची पिशवी उचलली, ओठांतल्या ओठांत एकदा "बाळाराम" म्हणून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरत पायरी चढल्या.