न जाणाऱ्या रविनाला निरोप

आदरणीय अध्यक्ष नवनीतभाऊ, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, धडगावचा डोंगर उतरून आलेले रविनाचे वडील दलसिंगभाऊ आणि पंचमंडळी, तसेच समोर बसलेल्या माझ्या कार्यालयीन बंधू-भगिनींनो,

मी चुडामण पाटील. संदेश कक्षात रविनाच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून हा मान मला मिळाला. निरोपाचं भाषण मी पाठ केलं होतं. ते आज उपयोगाचं नाही, कारण जिला निरोप द्यायचा ती कुठेच जात नाही. दिल्लीच्या एका खात्यात तिची निवड झाली होती; परवा तिथून कळवलं की तिची सुरक्षा मंजुरी नाकारली. तोवर हॉल ठरला होता, जेवण सांगून झालं होतं, आणि डोंगरात रेंज नसल्याने ही मंडळी काही न कळता निघालीही होती. मग समारंभ मोडायचा कसा?

ते खातं गुपितं सांभाळणारं. थकलेलं कर्ज दिसलं की ते माणूस घेत नाहीत. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो. त्यांचं म्हणणं, गरजवंताला इमानही नसतं.

परवापासून आपल्या व्हरांड्यात कुजबुज चालू आहे की पोरीने पैसे कुठे उडवले. मला त्याचा संताप आला. म्हणून तिला विचारूनच आज बोलतो आहे.

या मंडळींत मुलाकडचे मुलीच्या बापाला देज म्हणून पैसे देतात. रविनाचं लग्न ठरलं, देज आलं, घरात खर्चूनही गेलं. मग सासरचे म्हणाले, नोकरी सोड. तिने लग्नच सोडलं. पंच बसले. देज आणि वर दंड, होळीच्या आत परत करायचं ठरलं. तिने बँकेचं कर्ज काढलं. ते पुरलं नाही. उरलेलं पगारातून पंचांपुढे ठेवत गेली, आणि तिकडे बँकेचे हप्ते थकले.

मी तिला आमच्या बोलीत विचारलं होतं, "पोरी, बँकना हप्ता आधी का नही भरा?"

ती म्हणाली, "नाना, बँकेने माझ्या बापाचं तोंड पाहिलेलं नाही. पंचांना ते रोज दिसतं."

दिल्लीतही तिने काही लपवलं नाही. पण पंचांचा शब्द तिथे कोण मोजणार?

आज सकाळी फाटकाशी दलसिंगभाऊंना मीच हे सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, पंचायत तर पुरी झाली. मग दिल्लीचं आमच्याकडे काय राहिलं?"

भाऊ, त्याचं उत्तर आता सगळ्यांदेखत देतो. तुमच्या मुलीने कुणाचं काही बुडवलेलं नाही. बँकेचे हप्तेही आता नीट चालू आहेत. तिने आधी तुमची मान सोडवली, तेवढ्यात स्वतःची अडकली. मला फार वाईट वाटतं.

आज वारा मिरची वाळवायच्या पथारीकडून येतो आहे, त्यामुळे डोळे पुसणाऱ्यांची सोय झाली आहे. अध्यक्षांनी आणलेली शाल तिला घालावीच, ही विनंती. आयोजकांचे आणि वाट तुडवत आलेल्या पंचमंडळींचे आभार मानतो.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. दिल्लीला तिची एक चूक पोटात घालता आली नाही, माझी तुम्ही घाला. सोमवारी रविना नेहमीच्या वेळी टेबलावर असेल. "अजून इथेच?" असं तिला कुणी विचारू नका.

नमस्कार.