गादी एकच होती

नाही, मला सांगा, एका पिंपापुढे गाद्या टाकायच्या तरी किती? जहाज एक, वादळ एक, पिंप एक... आणि गाद्या पाच? अहो, पाच गाद्या मिळाल्या असत्या तर ते पिंप अडकलं नसतं, झोपलं असतं! गादी एकच होती, आणि ती माझी होती!

तुम्हाला सांगतो, आम्हा निवृत्त खलाशांचं एक मंडळ आहे. शिंप्याच्या दुकानावरची खोली, एक पंखा, तोही कण्हणारा. महिन्यातून एकदा जमायचं, चहा प्यायचा आणि आठवणी सांगायच्या. आठवणी कसल्या, थापा! तेही चालतं हो, आपसातल्या आपसात. पण आमच्या चिटणिसाला अवदसा आठवली. "यंदा वहिनींनाही आणा. कळू दे त्यांना आपण समुद्रावर काय काय सोसलं!" कळू दे म्हणे! अरे शहाण्या, घरोघर कुणी काय सांगून ठेवलंय, याचा विचार केलास?

मी सारंग होतो. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्या वादळात तेलानं भरलेलं पिंप दोर तोडून सुटलं, या कठड्यावरून त्या कठड्यावर गडगडायला लागलं, आडवं येईल त्याचा भुगा! मी खाली धावलो, माझ्या बिछान्यावरची गादी ओढली आणि आणून टाकली पिंपापुढे. पिंप गादीवर चढून अडकलं, मी दोर आवळला. गादीखाली माझ्या पायाचा अंगठा राहिला, तो तेव्हापासून वाकडा. संपलं. एवढीच गोष्ट. घरी आल्यावर बायकोला सांगितली, इतकी वर्षं सांगत आलो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तर त्या दिवशी पहिला उठला आमचा भंडारी, जहाजावरचा आचारी. "काय सांगू वहिनी, पिंप अंगावर येतंय, मरण समोर दिसतंय, आणि मी माझी गादी..." तुझी गादी? अरे, जहाज जरा कलंडलं की तू बादलीला मिठी मारून आईला हाका मारायचास! पण हा थांबतोय होय? बूट काढला, मोजा काढला, अंगठा वर! आणि त्याची बायको डोळे टिपतेय!

मग तारवाला, जहाजाचे बिनतारी संदेश घेणारा. हा दिवसभर कानाला यंत्र लावून बंद खोलीत. बाहेर ऊन की पाऊस, हेही दुसऱ्याला विचारायचा. तो म्हणतो, "गादी माझी, पण एक टोक भंडाऱ्यानं धरलं होतं." वाटणी केली हो, माझ्या गादीची! त्यानंही बूट काढला. मग इंजिनातला तेलवाला. मग खुद्द चिटणीस! तो तर त्या जहाजावर नव्हताच, आमचं वादळ होऊन गेल्यावर नोकरीला लागला! खोलीत जिकडे बघावं तिकडे अंगठे. आणि म्हातारपणी अंगठा कुणाचा सरळ राहतो हो? सगळ्यांचे वाकडे! गादी एकच होती, आणि ती माझी होती... पण पटवणार कसं?

दुसऱ्या रांगेत आमची ही. पिशवी मांडीवर, नजर माझ्या बुटावर. हलत नाही! आता तुम्हीच बोला. उठून सांगितलं तर मी पाचवा थापाड्या. नाही सांगितलं तर इतकी वर्षं बायकोला फसवलं, हे सगळ्यांदेखत कबूल केल्यासारखं. वर चिटणीस ओरडतोय, "उठा सारंग! येऊ द्या तुमचाही अंगठा!"

उठलो. घसा खाकरला. त्या उघड्या पायांकडे एकदा पाहिलं आणि शिसारी आली. "मला काही सांगायचं नाही," म्हणालो आणि बसलो. बुटाची नाडीसुद्धा सोडली नाही.

घरी जाताना ती पुढे, मी मागे. म्हटलं, संपलं, आता राहिलेले दिवस थापाड्या म्हणून काढायचे. शेवटी राहवेना. "अगं, ती गादी खरंच..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जिन्यातच आम्हा बायकांचं ठरलं. भंडाऱ्याची बायकोसुद्धा म्हणाली, जो गप्प बसला त्याचीच गादी असणार."

छाती अशी फुगली म्हणता माझी! म्हटलं, "बघ! मी काय सांगत होतो? अगं, ते पिंप सुटलं ना, तेव्हा मी..."

"पुरे!" ती म्हणाली. "इतकी वर्षं सांगत होतात, तेव्हा मला एक शब्द खरा वाटला नाही. आज तोंड मिटलंत, तेव्हा खरं वाटलं. आता परत उघडून घालवू नका."

झालं! गादी माझी, अंगठा माझा, बायकोला पटलेलंही आहे... आणि घरात सांगायची बंदी! म्हणून तुम्हाला धरून बसवलंय. ती आतून आली की आपण गुडघेदुखीवर बोलत होतो. काय?