सरी म्हणजे मान्य नव्हे

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो. आमची माणसं कधीकाळी फौजेबरोबर इकडं आली ती इथलीच झाली, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, आणि ह्या दोन भाषांवरच मला नोकरी मिळाली. बेंगळूरच्या कडेला एक लहान नगरसभा होती, म्हणजे तुमची नगरपालिका, नाव नको, तिथं मी कारकून.

काय सांगू तुम्हाला, त्या नगरसभेनं तळ्यापासून मळ्यांपर्यंत दगडी कालवा बांधल्याचं बिल काढलं आणि दगड कुठंच नव्हता, नुसता मातीचा चर, त्यात म्हशी बसायच्या. नंजप्पा म्हणून एक होता, त्याचा कनकांबराचा मळा, तुमच्याकडं अबोली म्हणतात ती फुलं, पाण्यावाचून मळा करपायला लागला तेव्हा त्यानं सरकारकडं तक्रार केली. तेव्हा भाषावार राज्यं नव्यानं जोडलेली, चौकशीला साहेब आले ते मुंबईकडून इकडं वर्ग झालेले, मराठी बोलणारे, कन्नडचं एक अक्षर येत नाही, म्हणून मध्ये मी.

चौकशी कसली, साहेबांना आणायला मोटार नगरसभेच्या अध्यक्षांची, उतरायला बंगला अध्यक्षांच्या मेहुण्याचा, दुपारी केळीच्या पानावर चिरोटी, आणि ज्यांच्या खर्चाची चौकशी तेच वाढायला उभे, स्वल्प तूप घ्या सार, अजून स्वल्प, सार म्हणजे सर. आणि हे सगळं पुढं चौकशीचा खर्च म्हणून मांडायचं. मीही त्याच पंगतीत जेवलो. अजून कुणाच्या लग्नात चिरोटी वाढायला आले की मी पानावर हात आडवा धरतो.

हात धुतल्यावर नंजप्पाला आत बोलावलं, उभाच ठेवला. साहेब मला म्हणाले, ह्याला सांगा, आरोप शाबीत झाला नाही तर चौकशीचा खर्च तक्रारदाराकडून वसूल होईल, मान्य आहे का विचारा. मी कन्नडमध्ये सांगितलं, विचारलं. तो म्हणाला, सरी सामी, सरी. आता आमच्याकडं सरी कशालाही म्हणतात, दुकानदार म्हणाला तांदूळ संपला तरी सरी, कुणी गेल्याचं सांगितलं तरी सरी, म्हणजे ऐकलं, पुढं बोला. आणि तो पुढं मलाच म्हणाला, पण अण्णा, कालवा बघायला कधी निघायचं? अध्यक्ष माझ्याकडं बघत होते. साहेबांनी विचारलं, काय म्हणतो? मी मराठीत म्हणालो, मान्य म्हणतो, नंजप्पाला मराठी कळत नव्हतं. आणखी काही म्हणाला? नाही साहेब.

कालवा बघायला कुणी गेलंच नाही. आरोप शाबीत नाही असं ठरलं, मोटार, बंगला, जेवणावळ सगळं नंजप्पावर पडलं, मळा विकावा लागला.

लोक वाद घालतात चौकशीचा पैसा कुणी द्यायचा. नगरसभा देते म्हणजे पट्टी भरणारे आपणच देतो, चोरीही आपल्या पैशानं आणि चोर शोधणंही आपल्याच पैशानं. साहेब सरकारनं पाठवला तर सरकारनं द्यावा, आणि कुणी खाल्लेलं सापडलं तर त्याच्या घरातून काढावा. पण विचारणाऱ्याकडं मागितलं की संपलं, पुढं कुणी तोंड उघडत नाही. आमच्याकडं त्यानंतर एक तक्रार आली नाही, आणि अध्यक्ष भर सभेत म्हणाले, बघा, कारभार किती स्वच्छ, तक्रारच नाही. त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं, पुढं हेडक्लार्कही झालो. किळस येते हो, त्यांची येते, त्यात माझीही.

नंजप्पा आता मंडईत दुसऱ्याच्या टोपल्या वाहतो. मला बघितलं की डोक्यावरची टोपली खाली ठेवून हात जोडतो, जवळ उभ्या असलेल्यांना सांगतो, साहेबच खराब होते, पण ह्या अण्णांनी माझी बाजू सांगितली, देव ह्यांचं बरं करो. मी म्हणतो सरी, आणि चालायला लागतो.

तुझी बाजू मी सांगितली नव्हती, हे नंजप्पाला त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं मी अजून देणं लागतो.