ब्रेक मी मारला

...आन वर मलाच इचारत्यात की, "मास्तर, गुन्हा ल्हान का मोठा?" अवो, गुन्हा म्हंजे काय पातेलं हाय व्हय, जेवणारी डोकी बघून ल्हान का मोठं ठरवायला? सकाळी दूध आणाय गेलो तर दूधवाला किटली खाली ठेवून इचारतोय. दाढीला बसलो तर वस्तरा गळ्याला लावून इचारतोय... गळ्याला! परवा नृसिंहवाडीला गेलतो, म्हटलं दत्ताच्या पायाशी जरा जीव निवांत हुईल, तर रांगेतला फुडचा पावणा मागं वळून म्हणतोय कसा, "ब्रेक मारल्यालं मास्तर तुमीच न्हवं? शेवटी ल्हान ठरला का मोठा वो?" अरं, नारळ फोड की आधी!

बसा, तुमी बसा. मी उभाच राहतो. मला हल्ली बसवत न्हाय. बसलो की उजवा पाय शिवशिवतो... सांगतो, ते बी सांगतो.

मी उदयसिंह. भरोसा मोटार ड्रायव्हिंग स्कूल. एकवीस वर्षं झाली. निम्म्या कोल्हापूरला गाडी मी शिकवली, आन उरलेलं निम्मं शिकलंच न्हाय, ते तुमी रोज रस्त्यावर बघताय. आता आमच्या गाडीची गंमत म्हायती हाय का? ब्रेक आन क्लच दोन-दोन. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक जोडी डाव्या सीटवर माझ्या पायाखाली. शिकणारा स्टेअरिंगला लोंबकळून देवाचं नाव घेतो, आन मी डावीकडनं देवाचं काम करतो. हे ध्यानात ठेवा, सगळी भानगड त्या डाव्या ब्रेकची हाय.

तर उचगावात जत्रा हुती. गणपतराव म्हंजे माझा शाळंपासनंचा दोस्त, त्येच्याकडं दुपारी मटणाचं जेवाण. आता तुमी इचारणार, मास्तर, तुमी पिता का? रोज न्हाय. सणावाराला. आन वर्षात सण किती असावंत हे काय माझ्या हातात हाय? दोनच घेतली. गणपतरावाच्या हातची दोन, म्हंजे समजा... जाऊ दे, मशीननं पुढं सांगितलंच हाय. जेवून उठलो तर जमीन न्यूट्रलला पडल्यागत वाटाय लागली. पण अक्कल? अक्कल गिअरमध्येच! म्हटलं, उदयसिंह, तू मास्तर हायस, 'दारू पिऊन वाहन चालवू नये' असं शाळंच्या भिंतीवर तुझ्याच हातानं रंगवलंयस, आज गाडी चालवायची न्हाय म्हंजे न्हाय. कोण करतं वो एवढा इचार? आन लगेच फोन लावला रत्नाबाईंस्नी.

रत्नाबाई म्हंजे आमच्या चार वाजताच्या ब्याचच्या. ऱ्हायला उचगावातच. वय छप्पन्न, जैन घरचं माणूस, घरात कांदा-लसूण शिवत न्हाईत, मग बाटली तर लांबच. पोरगा ऋषभ अमेरिकेला, जाताना नवी कोरी गाडी आईच्या दारात ठेवून गेलेला, ती झाकून-झाकून बाईंस्नी कंटाळा आला म्हणून शिकाय आलत्या. त्या दिवशी त्यांचा चौथा दिवस. म्हटलं, "बाई, आज क्लास गणपतरावाच्या दारातनंच सुरू. कोल्हापूरपत्तूर तुमी चालवायची." म्हंजे बघा, बाईंचा क्लास बी झाला, मी घरी बी पोचलो, कायदा बी पाळला. एका दगडात तीन पाखरं! बाई आल्या, दार उघडलं, नाकाला पदर लावला. "सर, गाडीत काय सांडलंय का वो?" म्हटलं, "ब्याटरीचं पाणी." आन निघालो.

फाट्यावर नाकाबंदी. जत्रा म्हटल्यावर असणारच की. एक पोलीस हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा... आन गाडी गच्चकन थांबली. कुठं थांबली? त्येच्या गुडघ्यापासनं एक वीत. एक वीत, ही बघा, आंगठा ते करंगळी! पोलीस म्हंजे कोण, तर राजवीर. माझाच विद्यार्थी, सहा वर्षांमागं शिकून गेल्याला. पांढरा फटक पडलेला. तेवढ्यात मागनं फौजदार सायेब आले, खाली वाकून गुडघा आन बंपर बघितला आन म्हणाले, "बाई, शाब्बास! काय ब्रेक मारलासा! अशा ड्रायव्हरला सलाम केला पायजे!"

आता गप बसायचं का न्हाय मी? सांगा तुमी! सायेबानं सलाम ठोकला असता, बाई म्होरं गेल्या असत्या, मी घरी जाऊन पडलो असतो. पण एकवीस वर्षं, तुम्हास्नी सांगतो, एकवीस वर्षं मी डावीकडनं ब्रेक मारतोय आन शाबासकी उजवीकडच्याला मिळतीया! आन मी काचंतनं मुंडकं भाईर काढून वरडलो, "ओ सायेब! बाईंचा आज चौथा दिवस हाय! ब्रेक मी मारला!"

सायेब हसले. लई गोड हसले. "असं व्हय? म्हंजे गाडी तुमच्या ताब्यात हुती?"

"मग! एकवीस वर्षं!"

"व्वा. जरा ह्यात फुका."

फुकलो. तीसपत्तूर माफ असतंय म्हणत्यात, माझं मशीन अठ्ठ्याऐंशी दावाय लागलं. राजवीर शेजारी मान खाली घालून कागूद लिवत हुता, "सर, बापाचं नाव सांगा... सर, वय..." पोरगं 'सर' म्हणत-म्हणत गुन्हा दाखल करत हुतं.

झालं! तिथनं सुरू. ल्हान का मोठा? गणपतराव म्हणला, "गुन्हाच न्हाय गड्या, स्टेअरिंग तुझ्या हातात न्हवतंच." शेजारचा पिराजी म्हणला, "जलमठेप हाय, मास्तर. माझ्या साडूच्या गावात एकाला झाल्ती." कशाला झाल्ती रे? "ते म्हायत न्हाय, पण झाल्ती." ऋषभचा तर अमेरिकेतनं फोन, रत्नाबाईंनी मोबाईल माझ्या तोंडाम्होरं धरला. "अंकल, इकडं दोन कप्पे आहेत. पहिलीच वेळ, कुणाला इजा नाही, तर बहुतेक ठिकाणी मिसडिमिनर, म्हणजे लहान. कुणाला लागलं, कुणी गेलं, नाहीतर परत परत सापडलात, तर फेलनी, म्हणजे मोठा." म्हटलं, "आन शेजारी बसल्यालं सापडलं तर?" तर म्हणतो, "अंकल, शेजारी बसलेल्याला कोण पकडतं? तुम्ही बोललात कशाला?" एवढ्या लांबनं! त्येला तिथं दिवस हुता का रात हुती कुणास ठाऊक, पण बरोबर वर्मावर बोट ठेवून गेला.

शेवटी वकिलाकडं गेलो. वकील म्हंजे विश्वजित. त्यो बी माझ्याच हाताखाली शिकलेला, टेस्टला तीनदा नापास, रिव्हर्स अजून येत न्हाय, कोर्टातनं गाडी काढाय शिपाई लागतो. पण कायदा तोंडपाठ. म्हणला, "मास्तर, पहिल्यांदा सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, न्हायतर दंड, न्हायतर दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत. हा झाला मोटारीचा कायदा. पण त्यो पोलीस गाडीखाली आला असता ना, तर हा कायदा राह्यला बाजूला. मनुष्यवध. मग पाच वर्षं म्हणा, दहा म्हणा, मला येऊन 'ल्हान का मोठा' इचारलं नसतंसा."

म्हटलं, "म्हंजे फरक कितीचा?"

"किती अंतरावर थांबल्ती गाडी?"

"एक वीत."

"मग तेवढाच."

आन रत्नाबाई शेजारी बसलत्या, साक्षीदार म्हणून आणलत्या, त्या हळूच म्हणाल्या, "वकीलसाहेब, एक सांगू का? ब्रेक सरांनी मारलाच न्हाई. मी मारला. सर झोपलेले."



"काय तरीच काय बाई!" मी म्हटलं.

"अवो, तुमच्या चपला माझ्या पायात यायलत्या, त्या मी एका हातानं मागं टाकल्या. तुमी सीटवर मांडी घालून घोरत हुतासा. मी दोनदा हाक मारली. मग तो पोलीसदादा दिसला, आन मी णमोकार मंत्र म्हणत दोन्ही पायांनी जे असंल ते दाबलं."

दोन्ही पायांनी! मी शिकवलंय एका पायानं! ...पण खरं हुतं वो. आता तुमच्यापाशी काय लपवायचं. माझा डोळा उघडला तेव्हा गाडी थांबलेली हुती आन काचंम्होरं पोलिसाच्या पट्ट्याचं बक्कल चमकत हुतं. एवढंच दिसलं. बक्कल. मी काय ब्रेक मारतोय! मला तर आपण कुठल्या गावात हाय ते कळाय वेळ लागला. भ्यालो. पार आतनं भ्यालो, आन भ्यालेला माणूस तोंडानं मोठा हुतो, तसा झालो. तवापासनं झोपलो की ते बक्कल दिसतंय, आन उजवा पाय आपसूक गादी दाबतोय. वर्षाराणी, म्हंजे आमची मंडळी, म्हणती, "अवो, गादी थांबल्याली हाय, झोपा!"

पण विश्वजित खुर्चीतनं उडालाच. "सुटलासा मास्तर! झोपला हुतासा म्हंजे गाडी तुमच्या ताब्यात न्हवती! ताबा न्हाय तर चालवणं न्हाय, चालवणं न्हाय तर ही केस न्हाय! कोर्टात फकस्त एवढं म्हणायचं, 'मी झोपलो होतो.'"

आता बघा न्याय! मी जागा राहून गाडी थांबवली असती, माणूस वाचवला असता, तर गुन्हेगार. आन ढोसून, मांडी घालून, चौथ्या दिवसाच्या बाईच्या जिवावर गाडी सोडून घोरत पडलो, तर निर्दोष! घरी सांगितलं तर वर्षाराणी म्हणाली, "खरं सांगा आन सुटा." सुटा? सुटलो तर शाळा सुटंल की! त्यो अमरसिंह, चौकापल्याडचा दुसरा ड्रायव्हिंग स्कूलवाला, टपूनच बसलाय. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागंल, वीस बाय दहाचा, त्येचा हसरा फोटू आन खाली ठळक, 'आमच्याकडं मास्तर जागं असत्यात.' कोण पाठवंल आपल्या लेकीबाळी माझ्याकडं? दारू पिल्याला मास्तर एक वेळ चालतो कोल्हापुरात, पण झोपल्याला? ल्हान गुन्हा घ्यायचा का मोठी लाज... आठ रात्री घरात येरझाऱ्या घातल्या, फरशी झिजली.

तारीख आली. कोर्ट गच्च. अमरसिंह पयल्या बाकावर, धुतल्याली कापडं घालून. रत्नाबाई पांढऱ्या साडीत, हातात जपमाळ, कधी एकदा 'ब्रेक मी मारला' म्हणतीय असं त्यांस्नी झाल्यालं. विश्वजितनं डोळ्यानं खूण केली. न्यायाधीश म्याडम म्हणाल्या, "गुन्हा कबूल आहे का?"

तोंड उघडलं. 'मी झोपलो होतो' जिभेवर आलं बी हुतं. आन तेवढ्यात राजवीर दिसला. कागदाची फाईल घेऊन भिंतीला उभा. दोन पायांवर उभा. त्या दोन पायांस्नी क्लच कसा दाबायचा, ब्रेक कसा दाबायचा, हे मी शिकवलंय वो... पायाला हात लावून आलतं पोरगं लायसन झाल्यावर, पेढे घेऊन. आन मी काय म्हणणार हुतो? की बाबा, तुझं पाय जाणार हुतं तवा मी घोरत हुतो, म्हणून मला सोडा?

"कबूल हाय, म्याडम," मी म्हटलं. "ब्रेक मी मारला."

विश्वजितनं कपाळाला हात लावला. अमरसिंहाचं तोंड पडलं. लोकं म्हणाली, बघा, मास्तरांची गुर्मी काय जात न्हाय. असंल बाबा गुर्मी. थोडी असंलच. बाकीचं काय हुतं ते कोर्टात मांडाय कलम न्हाय. पहिलीच वेळ म्हणून दंडावर भागलं, आन लायसन सहा म्हयनं बंद. म्याडम म्हणाल्या, "कुणाला लागलं नाही हे नशीब समजा." समजलो की. नशीब तिथंच बसलं हुतं, पांढऱ्या साडीत, माझ्याकडं खाऊ का गिळू बघत!

भाईर आल्यावर गाठलंच बाईंनी. "सर, उभ्या जलमात पयला ब्रेक मारला मी, आन त्यो तुमी सरकारी कागदावर आपल्या नावानं करून घेतलासा?" म्हटलं, "बाई, शिक्षा बी घेतली की." म्हणाल्या, "शिक्षा ठेवा तुमची. माझा ब्रेक द्या!"

आता कसा देऊ? पण बाई काय ऐकणाऱ्या हायत? टेस्ट पहिल्या दणक्यात पास झाल्या, आन दुसऱ्या दिवशी नवी गाडी घेऊन थेट रेडियमवाल्याकडं. कोल्हापुरात गाडीमागं लोकं काय काय लिवत्यात, आईची कृपा, बघतोस काय... ह्यांनी काय लिवावं? मागच्या काचंवर, पिवळ्या रेडियमात, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तूर: 'ब्रेक मीच मारला.'

आन लायसन बंद म्हटल्यावर मला रोज शाळंत सोडणार कोण? वर्षाराणीनं परस्पर ठरवून टाकलं, रत्नाबाई. सहा म्हयनं. त्याच गाडीत. पुढं बी बसू देत न्हाईत, म्हणत्यात, "सर, तुमचा पाय शिवशिवतो, मागं बसा." म्हंजे मी मागं बसतो, माझ्या टकलाच्या बरोबर मागं ती पिवळी अक्षरं, आन सगळं कोल्हापूर वाचत-वाचत ओव्हरटेक करतंय. काल कुत्रं आडवं आलं. माझा पाय गपकन दाबला... खाली नुसतं रबराचं मॅट. आन गाडी थांबली. झकास थांबली. कुत्र्यापासनं चांगली चार हात लांब.

बाईंनी आरशातनं बघितलं.

"कुणी मारला, सर?"

म्हटलं, "तुमीच मारला, बाई. तवा बी."